टाके

दम्याच्या माणसाची रात्रीच्या तीन वाजल्यांशी चांगली ओळख असते. पावसाळा सरत आला की, किंवा दिवाळीच्या फटाक्यांनंतरचे चार-पाच दिवस, आडवं झालं की छातीत शीळ वाजायला लागते, मग बायकोची झोप मोडायला नको म्हणून हॉलमधे यायचं, सोफ्याच्या हाताला दोन उशा लावायच्या आणि बसून राहायचं. पूर्वी मी अशा वेळी खिडकीतून समोरच्या सोसायटीचा वॉचमन बघायचो, तो पण खुर्चीत बसून बसून डुलक्या घेत असायचा, तेवढीच सोबत. आता मोबाईल असतो. गेल्या ऑक्टोबरात अशाच एका रात्री यूट्यूबने मला जुन्या क्रिकेटच्या क्लिपांवरून ढकलत ढकलत कुठे नेऊन सोडलं तर थेट १९५९ च्या न्यूयॉर्कमधे, बर्फावरच्या हॉकीत.

आइस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. (ऑफसाइड अजूनही कळलेला नाही, कोणी समजवायला येऊ नये.) पण एक काळा-पांढरा फोटो समोर आला आणि मी थांबलो. एक माणूस, नाकापासून ओठापर्यंत शिवलेला, जर्सीवर रक्त. आणि पुढच्या फोटोत तोच माणूस तोंडावर पांढरट मुखवटा चढवलेला, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक फट, आमच्याकडे बोहाड्यात सोंगं असतात ना त्यातलंच एखादं वाटावं असा. नाव जाक प्लांट. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलकीपर. खाली कुणीतरी त्याची सगळी कुंडली लिहिली होती, ती वाचत गेलो आणि एका ओळीला येऊन उशी सरळ केली. लहानपणापासून दमा असल्यामुळे त्याला जास्त वेळ स्केटिंग करता येत नसे, म्हणून तो गोलमधे उभा राहिला.

म्हणजे आपलाच भाऊ निघाला की हा!

मी कराडात वाढलो. आमच्या गल्लीत क्रिकेटची टीम पाडताना दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं उचलायचे आणि शेवटी जे उरायचं त्यात मी आणि एक पाच वर्षांचं पोरगं, त्यातसुद्धा पोरगं आधी जायचं. "ह्याला पळवू नका रे, धाप लागते, स्टंपामागं उभा करा." झाला विकेटकीपर. बॉलिंग नाही, कारण रनअप. बॅटिंग अकराव्या नंबरावर, कारण पळून रन काढायची. स्टंपामागे मात्र मी दिवसभर उभा. आता विचार केला तर गंमत वाटते, ज्याला काही जमत नाही त्याला आपण अशा जागी उभा करतो जिथे प्रत्येक बॉल त्याच्याकडेच येतो. फूटबॉल खेळायला गेलो तर गोलात. तिथेही तेच. सगळे पळतायत आणि आपण दोन चपलांच्या मधे उभे, एकटे, आणि बॉल आत गेला की मग सगळ्यांना आपली आठवण.

औषधं सगळी झाली. अडुळशाचा काढा, ओव्याची पुरचुंडी, डेरिफायलिन, एका मृगाला तर वडिलांनी रजा काढून हैदराबादला नेलं, जिवंत मासा गिळायला. अफाट गर्दी, तो वळवळणारा मासा घशातून खाली जाताना काय वाटतं ते ज्याने गिळलाय त्यालाच ठाऊक. गुण आला का? परत येताना रेल्वेतच दम लागला, वडील काही बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. ते सोडा.

तर प्लांट. जन्म १७ जानेवारी १९२९, कॅनडाच्या क्युबेक प्रांतात मॉरिसी म्हणून भाग आहे तिथल्या एका शेतावर, नंतर कुटुंब शॉविनिगन फॉल्स नावाच्या कारखान्यांच्या गावात आलं. अकरा भावंडांत हा थोरला. वडील कारखान्यात कामाला. आता थोरला आणि मागे दहा म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको, घरातली निम्मी आई तोच झाला. स्वैपाक शिकला, शिवण शिकला, विणकाम शिकला. वडिलांनी झाडाच्या मुळातून त्याला गोलकीपरची स्टिक कोरून दिली होती आणि पायाचे पॅड म्हणजे बटाट्याच्या पोत्यात काहीबाही भरून त्याला लाकडाच्या फळ्या लावलेल्या. पाच वर्षांचा असताना शिडीवरून पडून हात मोडला तो नीट सांधलाच नाही, मोठेपणी ऑपरेशन होईपर्यंत तो वाकड्या हातानेच खेळला. म्हणजे दमा, वाकडा हात आणि पोत्याचे पॅड. एवढ्यावर कोणी जगातला एक नंबरचा गोलकीपर होईल असं भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाला लोकांनी दक्षिणा दिली नसती.

बारा वर्षांचा असताना तो शाळेच्या टीमचा सराव बघत उभा होता. कोच गोलकीपरवर ओरडला, गोलकीपर चिडून निघून गेला, आणि ह्याने विचारलं, मी उभा राहू का? बाकीची पोरं सतरा-अठराची. दुसरा कोणी नव्हता म्हणून कोचने उभं केलं, आणि हा तिथून हललाच नाही. ही "दुसरा कोणी नव्हता म्हणून" ची गोष्ट ह्याच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येते. पुढे वडिलांच्या कारखान्याच्या टीमकडून खेळायला लागला तेव्हा वडील म्हणाले फुकट कशाला, पैसे माग. कोचने कबूल केले, मॅचला पन्नास सेंट, पण अट अशी की बाकीच्या पोरांना कळता कामा नये. प्रोफेशनल करिअर सुरू झालं ते हे असं, गुपचूप आठ आणे!

विणकामाचं जरा सांगतो कारण मला तो भाग सगळ्यात आवडलाय. प्लांट स्वतःच्या लोकरीच्या टोप्या स्वतः विणायचा. मोजे, गंजीसुद्धा. आणि लहानपणी गरिबीत विणल्या असं नाही, मोठा झाल्यावर, नाव झाल्यावर, रेल्वेच्या प्रवासात, ड्रेसिंग रूममधे. एका बाजूला सहा फुटी दांडगट गडी पत्ते कुटतायत, सिगारेटी ओढतायत, कुणाचे पुढचे चार दात नाहीत, आणि कोपऱ्यात हा सुया घेऊन बसलाय. आपल्याकडे आज रणजीच्या ड्रेसिंग रूममधे कुणी क्रोशा काढला तर काय होईल बघा, आणि हे १९५० च्या दशकात. मैदानावरसुद्धा तो ती कानटोपी घालूनच उभा राहायचा. कॅनेडियन्सच्या मोठ्या टीममधे आला तेव्हा कोच डिक आयर्विनला ती टोपी खपली नाही, त्यावरून वाद झाला आणि मग एक दिवस ह्याच्या टोप्याच गायब झाल्या. कुणी केल्या ते सांगायची गरज आहे का.

मोठ्या टीममधे आला तोसुद्धा कसा, तर १९५२ मधे तिथला गोलकीपर गेरी मॅकनीलचा जबडा मोडला म्हणून. तेव्हा एनएचएलमधे, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमधे, टीम सहाच होत्या आणि टीममधे गोलकीपर एकच. स्पेअर नाही. म्हणजे सगळ्या जगात ह्या नोकऱ्या सहा. आता समजेल लोक तोंड फुटलं तरी का उभे राहायचे, आपण एक मॅच बाहेर बसलो आणि आत गेलेला चांगला खेळला तर आपली जागा गेली. शौर्य वगैरे ठीक आहे, पण पोटाची भीती त्याच्यापेक्षा मोठी असते.

आणि तोंड कशाने फुटायचं ते सांगतो. पक म्हणजे कडक रबराची चकती, एक इंच जाड, तीन इंच रुंद, मॅचच्या आधी बर्फात ठेवून गारठवतात म्हणजे उसळत नाही. वजन १५६ ते १७० ग्रॅम. हा आकडा वाचला आणि मी उठून बसलो, म्हणजे बसलेलोच होतो, पण ताठ झालो, कारण आपला सीझन बॉल पण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे समजा गोठवलेला सीझन बॉल आहे, त्याला कडा आहेत, तो पूर्ण ताकदीने तोंडावर येतोय, मधे चार धिप्पाड माणसं उभी आहेत त्यामुळे दिसत नाही, आणि तुमच्या तोंडावर काहीही नाही. सीझन बॉल तोंडावर काय करतो ते मला माहिती आहे. नववीत असताना एका लेगसाइडच्या बॉलला मी वाकलो, तो बॅटची कड घेऊन वर आला. पुढचा दात अर्धा गेला आणि वरच्या ओठाला तीन टाके. आईला सांगितलं नळावर घसरलो. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "नळाला शिवण होती काय रे? ओठावर उठलीय."

टाके हा शब्द बघा. सुयांवर घालतो तो टाका आणि डॉक्टर घालतो तोही टाकाच. प्लांटच्या भाषेत हे असंच आहे का ते माहीत नाही, पण त्याची गोष्ट मराठीत सांगायला घेतली की आपोआप एका शब्दात बसते. त्याच्या पिढीचे गोलकीपर म्हणजे शिवून शिवून वापरलेल्या गोधड्या. टेरी सॉचकच्या चेहऱ्याला साधारण चारशे टाके पडले होते, १९६६ मधे लाइफ मासिकाने मेकअपवाला लावून ते सगळे एकदम त्याच्या चेहऱ्यावर दाखवले, तो फोटो जेवताना बघू नका. ग्लेन हॉल सलग ५०२ मॅच खेळला, एकही न चुकवता, मास्कशिवाय, आणि मॅचच्या आधी ओकायचा. दर मॅचला. ओकून, तोंड धुऊन, मग बर्फावर. मला त्या ५०२ पेक्षा ती बादली जास्त खरी वाटते.

प्लांटचं स्वतःचं म्हणाल तर गालाचं हाड सरावात मोडलं, एकदा नाही, दोनदा, दोन्ही बाजूंची, आणि दोन्ही वेळा आपल्याच गड्यांच्या शॉटवर. सायनसचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तो सरावाला मास्क घालायला लागला. सरावाला चालेल, मॅचला नाही, असं कोच टो ब्लेकचं म्हणणं. मग बिल बर्चमोर नावाच्या फायबरग्लास विकणाऱ्या माणसाने प्लांटला सुचवलं की चेहऱ्यावर घट्ट बसेल असा, चेहऱ्याच्याच आकाराचा मास्क करू. त्यासाठी तोंडाचा साचा घ्यायचा. तोंडावर प्लॅस्टर थापलेलं आणि श्वासाला फक्त नळ्या. दम्याच्या माणसाने तोंडावर प्लॅस्टर थापून घ्यायचं! मला तर नुसतं वाचून गळ्याचं बटण सोडावं लागलं. ह्या एका गोष्टीवरून मी सांगतो की हा माणूस भित्रा नव्हता, बाकी पुरावे राहू देत.

भित्रा हा शब्द कुठून आला, तर तेव्हा सगळे तेच म्हणायचे. मास्क घातला म्हणजे घाबरला. त्याला सभ्य भाषेत कारणं दिली जायची, की पायाजवळचा पक दिसत नाही, की भीती गेली की माणूस गाफील होतो. आपल्याला ही कारणं पाठ आहेत. पुण्यात राहतो मी. हेल्मेट घातलं की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मान दुखते, केस गळतात, शहरात स्पीडच कुठे असतो, ही सगळी यादी २०१९ च्या सुरुवातीला सक्ती आली तेव्हा गल्लोगल्ली ऐकलीये, मोर्चे निघाले, आणि खरं सांगायचं तर मी पण त्यात मान डोलावली होती. गावसकरचं उदाहरण हमखास यायचं, की वेस्ट इंडीजच्या त्या तोफखान्यासमोर तो बिनहेल्मेटचा उभा राहिला. पण शेवटच्या काही वर्षांत तोच टोपीखाली पातळ कवच घालायचा हे सांगायला सगळे विसरायचे. टोपीखाली. म्हणजे दिसणार नाही असं.

१ नोव्हेंबर १९५९. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध. मॅच सुरू होऊन तीनेक मिनिटं झाली असतील, अँडी बॅथगेटचा शॉट प्लांटच्या तोंडावर बसला. ह्या बॅथगेटने पुढे म्हातारपणी सांगितलं की तो चुकून नव्हता, आधी प्लांटने त्याला पाडलं होतं त्याचा राग होता. असू दे, खेळ तो. प्लांटला आत नेलं, टाके घातले. बाहेर हजारो लोक थांबलेले, कारण स्पेअर गोलकीपर नाही. असलाच तर यजमान टीमने ठेवलेला कुणी हौशी. ब्लेक आत आला, विचारलं जमेल का. प्लांट म्हणाला जमेल, पण मास्क घालून. नाहीतर नाही.

इथे मी नेहमी थांबतो. कारण ह्या माणसाने आयुष्यभर "दुसरा कोणी नव्हता म्हणून" जागा मिळवली आणि त्या रात्री तेच वाक्य त्याने पहिल्यांदा उलटं फिरवलं. दुसरा कोणी नाही ना तुमच्याकडे? मग मी म्हणतो तसं. ब्लेक भडकला, पण करतो काय. अट घातली की जखम भरली की मास्क काढायचा. प्लांट मास्क घालून बर्फावर आला, कॅनेडियन्स ३-१ जिंकले. आणि मग जखम भरली तरी मास्क निघेना, कारण टीम हरेचना, ओळीने १८ मॅच अपराजित. जिंकणाऱ्या गोलकीपरच्या तोंडाला हात लावायची कुणाची छाती.

पण ८ मार्च १९६० ला ब्लेकच्या आग्रहाखातर तो एकदा बिनमास्कचा उभा राहिला. डेट्रॉइटकडून ३-० हरले. दुसऱ्या दिवशी मास्क परत, कायमचा. तो सीझन कॅनेडियन्सनी स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, सलग पाचवा, १९५६ ते १९६०, आणि त्या पाचही वर्षी सगळ्यात कमी गोल खाणाऱ्या गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी प्लांटकडे. सलग पाच कप त्यानंतर आजवर कुणाला जमलेले नाहीत.

तसा मास्क घालणारा तो पहिला नव्हे. १९३० मधे क्लिंट बेनेडिक्टने नाक मोडल्यावर चामड्याचा मास्क काही मॅच घातला होता, आणि त्याच्याही आधी, १९२७ मधे, क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या एलिझाबेथ ग्रॅहमने तलवारबाजीची जाळी घालून गोल राखला होता. तिला कुणी भित्री म्हणलं का कोण जाणे, बाईने दात वाचवले तर चालतात बहुतेक. प्लांटने केलं ते वेगळं, त्याने घातला आणि काढला नाही.

आता माझं सांगतो, नाहीतर ही सगळी दुसऱ्याच्या शौर्याची कथा होईल.

मला पंप, म्हणजे दम्याचा इनहेलर, मिळाला दहावीत. निळा. आमच्याकडे पंपाला फार वाईट नाव होतं, एकदा पंप लागला की सुटत नाही, पंप म्हणजे शेवटची स्टेज, असं शेजारपाजारचे सगळे सांगायचे. त्यामुळे मी तो मोज्यात ठेवायचो. खरंच, पायातल्या मोज्यात. मैदानावर धाप लागली की बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने शाळेच्या मुतारीमागे जायचं, दोन दाब मारायचे, दहा आकडे मोजायचे आणि नाडी बांधल्यासारखं करत परत यायचं. दिवसातून इतक्या वेळा नाडी सुटणारा पोरगा शाळेत दुसरा नसेल. कॉलेजात बाथरूम, नोकरीत ऑफिसचा जिना. एकदा मीटिंगमधे प्रेझेंटेशन देताना छाती भरून आली, पंप खिशात, हात खिशावर, आणि मी तो काढला नाही. सात मिनिटं बोललो. आवाज कसा येत होता देव जाणे. समोरच्या साहेबांना वाटलं मी घाबरलोय, म्हणजे ज्या गोष्टीसाठी लपवला तीच झाली.

लग्न जमवायच्या वेळी तर आईने सरळ सांगितलेलं, मुलीकडचे येणारेत, तो पंप फ्रिजवरून उचल. तिचं चूक नव्हतं, तिने आयुष्यभर "तुमच्या मुलाला अजून आहे का हो ते" ऐकलेलं. पंप कपाटात गेला. बायको नंतर म्हणाली, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तू जिना चढून वर आलास तेव्हा दाराबाहेर शीळ ऐकू आली. मुखवटा नेमका कुणी घातला होता मग?

असो. प्लांटकडे येतो.

पुढचं करिअर लांब आहे, मी भराभर सांगतो. १९६२ मधे हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू. १९६३ मधे त्याला रेंजर्सला देऊन टाकलं आणि बदल्यात आलेल्यांत होता गंप वर्सली, जो मास्कच्या कट्टर विरोधातला, त्याने थेट १९७४ मधे, अगदी शेवटच्या मॅचना मास्क घातला. (त्याच १९७४ पर्यंत अँडी ब्राउन नावाचा एकजण एनएचएलमधे उघड्या तोंडाने उभा होता. पंधरा वर्षं लागली बघा शेवटच्या माणसाला पटायला, आणि त्यालाही पटलं असं नाहीच, तो दुसऱ्या लीगमधे जाऊन तसाच खेळला.) १९६५ मधे प्लांट रिटायर झाला, बायको आजारी होती, बिअरच्या कंपनीत नोकरी धरली. १९६८ मधे परत आला, चाळिशीला टेकलेला, सेंट लुईस ब्लूजकडे, आणि जोडीला कोण तर तो ओकणारा ग्लेन हॉल. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून व्हेझिना जिंकली, प्लांटची सातवी.

मला त्याचा खेळ बघताना जे आवडतं ते म्हणजे तो गोलात थांबत नाही. तेव्हाचे गोलकीपर चौकटीत उभे राहायचे, देवळातल्या द्वारपालासारखे. हा बाहेर यायचा, गोलच्या मागे जाऊन पक थांबवून आपल्या बचाववाल्यांना आयता द्यायचा, ओरडून सांगायचा कुणी कुठे जायचं, हात वर करून आइसिंग नावाच्या नियमभंगाची खूण करायचा. ज्याला पळता येत नाही म्हणून उभं केलं तोच पहिला पळायला लागला. पण मला वाटतं दम्यामुळेच. जो कमी पळू शकतो तो आधी बघतो. स्टंपामागून मला बॅट्समनचा पाय हलण्याआधी कळायचं की हा आता पुढे येणार, दिवसभर तेवढंच तर बघत होतो. प्लांटने एकदा तर तक्रार केली की काही मैदानांवरच्या गोलची वरची दांडी दोन इंच खाली आहे. लोक हसले, हा एक चक्रम आहेच. मग मोजलं तर खरंच निघालं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार, त्या चौकटीत राहायला एकटा तोच होता.

चक्रम होता हेही खरं. टीममेट त्याच्यावर फारसे खूश नसायचे, तो एकटा राहायचा, पैशाला चिकट म्हणून प्रसिद्ध. टोरंटोत गेलं की त्याचा दमा उसळायचा, हॉटेल बदलून मागायचा, कोच म्हणायचा नाटकं. हे "नाटकं" मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्या बाजूने मी डोळे झाकून साक्ष देईन. आणि नशीब बघा, १९७० मधे खेळायला गेला कुठे तर टोरंटोतच, आणि १९७०-७१ च्या सीझनला, वय ४२, मॅचमागे सरासरी १.८८ गोल. लीगमधे सगळ्यात कमी.

त्याच्या आदल्या सीझनला, मे १९७० मधे, फायनलच्या पहिल्याच मॅचला बॉस्टनच्या फ्रेड स्टॅनफिल्डचा शॉट फिल एस्पोझिटोच्या स्टिकला लागून वळला आणि प्लांटच्या कपाळावर बसला. मास्क फुटला. हा बेशुद्ध. शुद्धीवर आल्यावर म्हणाला मास्क नसता तर मेलो असतो. सीरिज ब्लूज ४-० हरले. तो सीझन संपला आणि हा टोरंटोत जाऊन पुन्हा गोलात उभा, नवीन मास्क घालून. ४६ वर्षांचा होईपर्यंत उभा होता. १९७५ मधे धाकटा मुलगा गेला, त्यानंतर सोडलं सगळं.

मग स्वित्झर्लंड. तिथेच राहिला, अधूनमधून पोरांना गोलकीपिंग शिकवायचा. २७ फेब्रुवारी १९८६ ला जिनिव्हात गेला, पोटाचा कॅन्सर. ५७ वर्षांचा. चर्चमधून शवपेटी बाहेर आणली तेव्हा क्युबेकहून टूर्नामेंटला आलेली पोरांची एक टीम दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि त्यांनी हॉकी स्टिका उंच धरून कमान केली. त्या पोरांपैकी जो कोणी गोलकीपर असेल, त्याच्या सामानात मास्क असणारच. घालू का नको असं त्याने कधी कुणाला विचारलंही नसेल.

मागच्या आठवड्यात पुन्हा छाती भरली. तीन वाजलेले. मी प्लांटचे फोटो बघत बसलेलो, एक आहे त्यात तो ड्रेसिंग रूममधे बसून टोपी विणतोय. आई पाणी प्यायला उठली, तिला हल्ली झोप कमीच, येऊन शेजारी बसली, चष्मा नव्हता म्हणून मोबाईल लांब धरून बघितला.

"कोण रे हा?"

"गोलकीपर. कॅनडातला. सहा वेळा कप जिंकलाय."

ते तिने ऐकलं की नाही माहीत नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, सुयांवर नेला, बराच वेळ बघत राहिली. आयुष्यभर तिने आमचे स्वेटर विणले, माझ्या छातीसाठी तर डबल लोकरीचे, त्यामुळे ह्या विषयात तिचा शब्द शेवटचा.

"हात सैल आहे त्याचा," ती म्हणाली. "पण टाके एकसारखे आहेत."

मोबाईल परत दिला. उठताना गुडघ्याला हात लावला, स्वैपाकघराकडे निघाली आणि दारातून मागे वळून, आत सगळे झोपलेत ह्याची पर्वा न करता मोठ्याने विचारलं, "पंप घेतलास का?"